'कारण' नावाचा भित्रा रकाना

मित्रांनो, मी एक जुना रकाना आहे आणि स्वभावाने फार भित्रा आहे. तुम्हाला मला हातात घेता येणार नाही, कारण मला ना लाकूड, ना लोखंड. माझा जन्म संगणकातला. सांगलीत विश्रामबागेत एक छोटे कार्यालय आहे. गावोगावच्या हस्तलिखित पोथ्या तिथे अक्षर न् अक्षर संगणकावर उतरवतात. जे अक्षर वाचता येत नाही तिथे एक खूण करतात आणि खुणेला लागून माझी रिकामी जागा ठेवतात. अक्षर कशामुळे वाचता येत नाही, ते माझ्यात लिहायचे. म्हणून माझे नाव 'कारण'.

मला देवदत्तसरांनी घडवले. कोणत्या रकान्यात काय चालेल आणि काय चालणार नाही, हे ठरवणे त्यांचे काम. माझा थोरला भाऊ 'पान', त्याच्यात फक्त आकडा चालतो. आकडा आला की तो निवांत. त्याला कसली चिंता म्हणून नाही. माझ्या वेळी मात्र सर म्हणाले, "याच्यात काहीही लिहा. पोथीचं दुखणं ज्याला जसं दिसेल तसं."

ते माझे सुखाचे दिवस होते. वाईची ऋचा पोथ्या उतरवायची. तिने माझ्यात लिहिले, 'पुराच्या पाण्यात भिजून शाई पसरली आहे'. दुसऱ्या कुणी लिहिले, 'उंदीर असावा, खात्री नाही'. पाहुणे आले की सर कौतुकाने मलाच उघडून दाखवत. मी फुगून जात असे.

पण एकदा कुणा पाहुण्याने विचारले, "वाळवीनं किती पानं खाल्ली आहेत?" संगणकाला सांगता येईना. एकाने 'वाळवी' लिहिले होते, एकाने 'कीड', एकाने 'भोके पडली'. संगणकाच्या लेखी ती सगळी वेगळी दुखणी. सरांचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर त्यांनी माझे तोंड बांधले. आता चारच शब्द चालणार: पाणी, वाळवी, फाटले, डाग. यापलीकडचा शब्द माझ्यात घातला की लाल रेघ येणार आणि काम तिथेच अडणार. शिवाय त्यांनी एक सोय केली. शब्द निवडला की पान आपोआप त्या त्या टेबलावर जावे. 'फाटले' असेल तर चिकटवायला, 'डाग' असेल तर पुसायला.

सगळ्यांना बरे वाटले. खरे सांगायचे तर सरांचेही चुकले नव्हते. पण मी भीतीने गारठलो. आजवर मी नुसता सांगत होतो. आता माझ्या शब्दावर पानाला हात लागणार होता, आणि तो शब्द तर माझा नव्हताच.

पुढे त्रिशलाकाकूंची पोथी आली. काकू कृष्णाकाठच्या एका गावातल्या, जैन शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांच्या पोथीच्या पहिल्या पानावर मधोमध एक जाड, तपकिरी खपली होती. तिच्याखाली अक्षरे होती. ऋचाने वाकून पाहिले, वास घेतला, तो चंदनाचा आला, आणि तिने माझ्यात लिहिले, 'गंध'.

लाल रेघ आली.

तिने पुन्हा लिहिले. पुन्हा लाल रेघ. सर त्या दिवशी साताऱ्याला गेले होते. "आत्तापुरतं डाग टाकते. सर आले की विचारीन," असे म्हणून तिने 'डाग' निवडले आणि पुढचे पान घेतले. विचारायचे ती विसरून गेली.

मित्रांनो, त्या वेळची माझी अवस्था काय सांगू! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. जुनी शाई काजळ आणि डिंकाची. ओला कापूस लागला की सुटते. 'डाग नाही हो, डाग नाही!' असे मी ओरडत होतो, पण रकान्याला आवाज कुठला? जो वाचील त्याला मी 'डाग' एवढेच सांगत होतो. आणि ते पान माझ्याच शब्दावर पुसायच्या टेबलाकडे निघाले होते.

त्या टेबलावर रहिमतपूरचा मल्हार काम करायचा. हात हलका, माणूस सज्जन. संगणकाने 'डाग' सांगितले, त्याने कापूस भिजवला. खपलीच्या कडेला हळूच टेकवला. कापूस आधी पिवळा झाला. मग काळा.

नेमक्या त्याच वेळी त्रिशलाकाकू दारात आल्या. पोथ्यांच्या पूजेची श्रुतपंचमी जवळ आली होती आणि पोथी घरी कधी न्यायची, हे त्यांना विचारायचे होते.

"आवं, हे काय करताय?"

"डाग काढतोय, काकू. लय जुना हाय, पन निघंल."

"डाग?" काकू टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "माझ्या सासूबाईंचं बोट हाय ते! त्यांच्या आदी त्यांच्या सासूचं. दर श्रुतपंचमीला पोथीला ऊन दाखवायचं, नवं फडकं गुंडाळायचं आन् थोरल्या सुनंनं गंधाचं बोट लावायचं. याच जागी. औंदा मी लावनार हाय."

मल्हारच्या हातातला कापूस खाली पडला. ऋचा धावत आली. खपली जागेवर होती, पण तिच्या कडेचे एक अक्षर गेले होते. काकू रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या नुसत्या त्या कापसाकडे बघत राहिल्या.

सर आले तेव्हा ऋचा रडत म्हणाली, "मी गंधच लिहिलं होतं, सर. घेत नव्हतं."

"मग थांबायचं ना, मला विचारायचं."

"हो, माझं चुकलं. पण थांबायला त्याच्यात जागाच नव्हती. चारातलं एक निवडा, एवढंच म्हणत होतं ते."

सर तडक संगणकाकडे गेले. मग त्यांनी मला उघडले. आता मला पुसून टाकतील, असेच वाटले. पण त्यांनी 'गंध' हा शब्द आत घेतला. मग 'इतर' घेतला आणि त्याच्यापुढे मोकळी जागा ठेवली. 'इतर' म्हटलेले पान कुणीतरी स्वतः येऊन पाहिल्याशिवाय कुठल्याही टेबलावर जायचे नाही, असा नियम घातला. खपलीखालची अक्षरे तशीच राहिली. माझ्यात 'गंध' लिहिले गेले आणि लाल रेघ आली नाही.

एक जागा मात्र उरली होती. ते पुसले गेलेले अक्षर. त्याचेही कारण लिहायलाच हवे. ऋचाने एकेक शब्द पाहिला. 'पाणी' म्हणावे तर पाणी आपणहून आले नव्हते. 'गंध' म्हणावे तर गंधाने काही नेले नव्हते. तिचा हात पुढे जाईना. शेवटी सर तिच्या खुर्चीवर बसले. चालणाऱ्या शब्दांत त्यांनी आणखी एक शब्द वाढवला आणि स्वतःच्या हाताने माझ्यात भरला.

'आम्ही'.

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन कधीतरी असे रकाने घडवाल. वाळवी सांगायला मी तयार आहे, पूर सांगायला तयार आहे. पण हा शब्द सांगताना मला अजून धडकी भरते. तो माझ्याकडून पुन्हा वदवून घेऊ नका.