बेचाळीस पानं, तीन प्रती

वहिनीची बदली मंजूर झाली.

आता हे वाक्य विसरा. तुम्ही ते वाचलेलं नाही, मी लिहिलेलं नाही, आणि शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तर तशी कसलीच चिन्हं नव्हती. त्या वेळी वहिनीच्या अर्जाचं सातवं पान आमच्या ऑफिसच्या झेरॉक्स मशीनच्या तोंडात होतं आणि मशीन ते सोडायला तयार नव्हतं.

वहिनी तीन वर्षं आठ तासांवरच्या गावात नोकरीला. दादा इथे, पाच वर्षांची चिमणी इथे. चिमणी आईला पापा फोनवर देते, त्यामुळे दादाच्या फोनची काच कायम चिकट. बदलीचा अर्ज आमच्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या खिडकीत द्यायचा. बेचाळीस पानं, तीन प्रती. आज शेवटचा दिवस, पाचला खिडकी बंद. पुढची संधी दोन वर्षांनी.

"भावोजी, पाच मिनिटांचं काम आहे म्हणाला होतात."

"पाच मिनिटांचंच आहे वहिनी. ती पाच मिनिटं अजून सुरू व्हायचीत."

मशीनच्या डोक्यावर फीडर असतो. त्यात गठ्ठा ठेवला की तो एकेक पान आत ओढतो. निदान तसं माहितीपुस्तिकेत चित्र आहे. मी झाकण उघडलं, हिरवी दांडी उचलली आणि पान पुढच्या बाजूने हळूच ओढून काढलं. पान आणि रुसलेला पाहुणा, दोघांनाही निघालेत त्याच दिशेने जाऊ द्यावं. उलटं ओढलं की फाटतं.

तेवढ्यात मघाशी गठ्ठा मोजून गेलेले आबा परत आले. आबा म्हणजे आमचे मुख्य लिपिक, नोकरी एकतीस वर्षं. मशीनवर जाणारा प्रत्येक गठ्ठा ते स्वतः मोजतात, आणि पान अडकलं की पुन्हा पहिल्यापासून मोजतात. वाटीतल्या ओल्या स्पंजावर अंगठा टेकवत त्यांनी मोजलं.

"बेचाळीस. लाव."

लावलं. अकराव्या पानाला अडकलं.

टाचण्या शोधल्या. नव्हत्या. दुमडलेले कोपरे सरळ केले. आबांनी मोजलं. अडकलं. रोलर पुसला. आबांनी मोजलं. अडकलं. बाजूच्या पट्ट्या कागदाला नीट टेकवल्या. आबांनी मोजलं. पाचव्याच पानाला अडकलं! म्हणजे दुरुस्तीने आजार वाढत होता.

"यात भूत आहे," टायपिस्ट मॅडम म्हणाल्या.

"असतं तर एव्हाना दुसरीकडे बदली मागितली असती त्याने," वहिनी म्हणाली. घड्याळात चार बेचाळीस.

मी अडकलेलं पान उजेडात धरलं. एक नव्हतं, दोन होती! एकमेकांना चिकटलेली, आणि कोपऱ्यात ओला अर्धगोल. खालचं पान पाहिलं. अर्धगोल. त्याखालचं. अर्धगोल! मी सावकाश मान वळवली. आबा स्पंजावर अंगठा टेकवून पुढच्या मोजणीच्या तयारीत उभे होते.

 आम्ही दुरुस्त करत होतो आणि आबा बिघडवत होते, तेही न चुकता.

पण एकतीस वर्षांच्या अंगठ्याला सांगणार कोण? मी वहिनीला कोपरा दाखवला. तिने एकदा कोपऱ्याकडे पाहिलं, एकदा आबांकडे, आणि टेबलावरचं कोऱ्या कागदांचं न फोडलेलं पाकीट उचलून त्यांच्या हातात ठेवलं.

"आबा, यात पाचशे आहेत म्हणतात. कोणी मोजलेत?"

"वर छापलंय की."

"छापणाऱ्याने मोजलेत?"

आबांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग तान्हं बाळ न्यावं तसं ते पाकीट छातीशी धरून आपल्या टेबलाकडे गेले.

"पळा!" मी ओरडलो. मशीनच्या पाठीमागच्या झरोक्यातून गरम वारा येतो. मी, वहिनी, मॅडम, तिघांनी चौदा-चौदा पानं घेतली आणि हातातल्या पत्त्यांसारखी पसरून झरोक्यासमोर धरली. कोपरे कडकडीत झाले. चार एक्कावन्न. गठ्ठा झटकला, ठेवला, बटण दाबलं.

पाच... अकरा... मॅडम डोळे मिटून मोजत होत्या. वीस! तीस! बेचाळीस! पहिली प्रत! मग दुसरी, मग तिसरी! मशीन गरमागरम कागद ओकत होतं आणि आम्ही लग्नातल्या वऱ्हाडासारखे नाचत होतो.

जिन्यावरून उतरताना आम्ही पायऱ्या मोजल्या नाहीत. खिडकीची झडप अर्धी खाली आली होती. वहिनीने सरळ कोपरापर्यंत हात आत घातला.

"अहो बाई, हात चेपेल!"

"चेपू दे. आधी शिक्का मारा."

धप्. धप्. धप्. चार एकोणसाठ.

वहिनी तिथेच पायरीवर बसली, घरी फोन लावला आणि तिला बोलताच येईना. पलीकडून चिमणी दरडावत होती, "कोण आहे ते सांगा, नाहीतर ठेवते!"

वर आलो तर आबा घामाघूम. टेबलावर कागदांचे ढीग, स्पंज पार सुकलेला.

"चारशे एक्क्याण्णव," ते म्हणाले. "तीनदा मोजले. घे, लिहून घे."

मी लिहून घेतलं:

"...सबब आपणांस विनंती करण्यात येते की, सदर पाकिटातून गहाळ झालेल्या नऊ कागदांचा आपल्या कारखान्यात कसून शोध घेऊन ते सात दिवसांच्या आत या कार्यालयास मूळ स्वरूपात सादर करावेत. ओळखण्याची खूण : दोन्ही बाजूंनी कोरे."