पासष्ट किलो वाळू

"वाळू सांडतेय!" खालून सेक्रेटरी ओरडले. "काका, हा जिना आहे, बांधकाम नाही!"

सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात. त्यामुळे इमारतीला लिफ्टची गरज नाही, हे त्यांना सर्वांत आधी कळलं होतं.

वरून दाजींचं यंत्र उतरत होतं. दीडशे किलो लोखंड, दोन्ही बाजूंना रणगाड्यासारखे रबरी पट्टे, वर खुर्ची आणि खुर्चीत बांधलेली वाळूची गोणी. मागून दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, रिमोट छातीशी धरून येत होते. चेहरा असा, की जणू गोणीला लाल दिव्याची गाडी मिळाली.

खुर्ची माझी. पस्तीस वर्षं लोकांच्या अर्जांवर शिक्के मारल्याबद्दल ऑफिसने निवृत्तीच्या दिवशी दिलेली. दाजींनी "जरा मापाला नेतो" म्हणून नेली आणि तिची चाकं कापली. तेव्हापासून मी रोज त्यांच्याकडे चहाला जायचो आणि यंत्र चालणार नाही असं सांगून यायचो.

"गोणी किती किलोची?" मी विचारलं.

"पासष्ट."

"ताई बासष्टची आहे."

"वरचे तीन ती सांगत नाही, मेव्हणे."

त्या आठवड्यात गोणी अकरा वेळा खाली जाऊन आली. ताई एकदाही नाही. तिचे गुडघे गेल्याला दोन वर्षं झाली होती. दाजी जन्मभर लिफ्ट मेकॅनिक. गावभरच्या लोकांना दहाव्या मजल्यावर पोचवून स्वतः तिसऱ्यावर पायी चढणारा माणूस. ताईची मागणी मोठी नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन हिरवा दोरा स्वतः निवडायचा होता. आम्ही दोघांनी मिळून तिला तेरा हिरवे दोरे आणून दिले होते. तिच्या मते त्यातले सहा निळे होते.

रविवारी सकाळी दाजींनी तिला खुर्चीत बसवलं, पट्टा आवळला, तिच्या चपला काखेत घेतल्या आणि मागे जाऊन उभे राहिले.

"रिमोट इकडे द्या," ताई म्हणाली.

"अगं, तुला जमायचं नाही. तू नुसती बस."

"नुसती गोणी बसली. मी गोणी नाही."

"हात बसावा लागतो त्याला."

"लिफ्टमधल्या माणसांनी कुठे जायचं ते तुम्ही ठरवत होतात का हो?"

जन्मभर लिफ्टच्या आत बटणं बसवणाऱ्या या गृहस्थाला खुर्चीवर एक बटण बसवायचं सुचलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

"मी सांगत होतो ना?" मी म्हणालो.

"तू बोलू नकोस. तुला रंगसुद्धा कळत नाहीत," ताई म्हणाली. मग दाजींना, "नसेल द्यायचा तर मला उतरवा. गोणीला घेऊन जा दुकानात."

दाजींनी रिमोट दिला. त्यांचं एक बोट त्यावर जरा जास्तच वेळ राहिलं.

पहिल्याच वळणावर यंत्र भिंतीला घासलं.

"नवा रंग!" सेक्रेटरी किंचाळले.

"डावा मागे, उजवा पुढे," दाजी पुटपुटले.

"दिसतंय मला."

मी पुढे उतरत होतो. यंत्र घसरलं असतं तर आधी माझ्या अंगावर आलं असतं; हे माझ्या लक्षात येईपर्यंत तळमजला आला.

"थांब, चपला घाल," फाटकापाशी दाजी म्हणाले. ताई थांबली नाही. तिने सेक्रेटरींच्या स्कूटरला वळसा घातला आणि रस्त्याला लागली. मागून चपला घेऊन दाजी, त्यांच्या मागून मी.

दुकानदाराने दोऱ्यांचा खोका पायरीवर आणून ठेवला. ताई एकेक रीळ उन्हात धरून बघू लागली.

"बॅटरी उतरतेय," दाजी म्हणाले.

"उतरू दे. अजून अर्धा खोका राहिलाय."

दाजी खाली वाकले. चपलांवरची धूळ त्यांनी सदऱ्याने पुसली आणि त्या खुर्चीखाली नीट जोडीने ठेवल्या. तिचे पाय तिथवर पोचत नव्हते. तरी ठेवल्या.