मी, पोर्ट वॉरेलचा गडगडाट

कानांवरचे हात आधी खाली घ्या. मी पत्रा असलो तरी उगाच खडखड करणाऱ्यांतला नाही. मेंढ्यांच्या गोठ्यावर चढून आयुष्यभर ऊन खाणारे पत्रे वेगळे. मी पोर्ट वॉरेल शहराच्या सिंफनी ऑर्केस्ट्रातला मानाचा सभासद आहे. आमच्यात व्हायोलिनं ढीगभर आहेत, पण गडगडाट एकच, आणि तो मी!

माझा जन्म इथल्याच पोलाद कारखान्यातला. लालबुंद लोखंडाची लादी रोलिंग मिलमध्ये शिरली आणि पोळीसारखी लाटली जात माझ्या रूपानं बाहेर पडली. पोळी एका कडेला जरा वाकडी झाली. तपासनिसानं माझ्यावर खडूची फुली मारली आणि मला भंगारात लोटून दिलं. माझे सख्खे भाऊ मोटारींचे दरवाजे झाले, फ्रिज झाले, लोकांच्या घरांत गेले. मी यार्डात पडून राहिलो. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

त्या यार्डावर ल्यूबो क्रेन चालवायचा. समुद्राकाठच्या एका क्रोएशियन गावातून नोकरीसाठी आलेला, गावच्या मिरवणुकीत ढोल बडवून हात तयार झालेला. एक दिवस त्याच्या क्रेनचा हूक मला चाटून गेला आणि मी आरोळी ठोकली. ल्यूबोनं क्रेन थांबवली आणि हूक मुद्दाम परत घासला. मी परत बोललो. मग तो शिडी उतरून खाली आला, माझी कड दोन्ही हातांत धरून हलवली आणि मी असा गडगडलो की यार्डातल्या सगळ्यांनी वर आभाळाकडे पाहिलं.

त्याच सुमारास हायस्कूलच्या संगीतशिक्षिका मिस प्राउज, म्हणजे आमच्या प्राउज बाई, यांच्या डोक्यात ऑर्केस्ट्राचं खूळ शिरलं होतं. सिडनीचे लोक म्हणायचे, पोर्ट वॉरेलला काय आहे, धूर आणि फुटबॉल. हे बाईंना लागलं होतं. त्यांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये सांगून ठेवलं, की ज्याच्या पलंगाखाली वाद्य असेल त्यानं ते झटकून घेऊन यावं. आणि काय सांगू, लोक आले! व्हायोलिन घेऊन वेल्डर आला, चेलो घेऊन बेकरीवाला आला, चर्चमधली एक नन स्वतःपेक्षा उंच डबल बास ओढत आली. टपाल वाटणारा गॉर्डन ट्रॉम्बोन, म्हणजे लांब नळीचा पितळी कर्णा, घेऊन आला. तो बाईंचा जुना विद्यार्थी. बाईंनी त्याला पाहून विचारलं, "गॉर्डन, अजून वाजवतोस?"

"वाजवतो बाई. शेजाऱ्यांना विचारा."

पहिल्या कार्यक्रमासाठी बाईंनी जी सिंफनी निवडली तिच्यात शेवटाकडे वादळ होतं. वादळ म्हटलं की गडगडाट आला, आणि तो कुणाकडेच नव्हता. ल्यूबो म्हणाला, "बाई, तुम्ही काळजी सोडा. आमच्याकडे गडगडाट भंगारात पडलाय."

मला कारखान्यातून रीतसर मागून घेतलं, दोन भोकं पाडली, म्हणजे माझे कानच टोचले म्हणा ना, आणि दोरानं उंच घोडीवर टांगलं. कँटीनमध्ये पहिली तालीम झाली. ल्यूबोनं मला हलवलं तेव्हा कपाटातल्या बशा नाचल्या आणि आचारी पळीसकट बाहेर धावला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "हा आपल्यात."

तेव्हा मी एक आवाज पहिल्यांदा ऐकला. वाजवणाऱ्यांचे हात वाद्यांत गुंतलेले असतात, त्यांना टाळ्या कशा वाजवता येणार? म्हणून आपल्यातल्या कुणाचं मनापासून आवडलं की ते बसल्या जागी जमिनीवर बूट घासतात. सुपात तांदूळ घोळवावेत तसा हलका, पसरत जाणारा आवाज. लोकांच्या टाळ्या काय, तिकीट काढलं म्हणूनही पडतात. हे बूट मात्र फुकट घासले जात नाहीत. त्या दिवशी कारखान्याचे जाडजूड बूट माझ्यासाठी घासले गेले, आणि मी भंगारातला होतो हे मी साफ विसरून गेलो.

वर्षं गेली. कँटीनमधून आम्ही चर्चच्या हॉलमध्ये गेलो, तिथून नगरपालिकेच्या नाट्यगृहात. रेडिओवर वाजलो. आणि मग सिडनीच्या सर्वांत मोठ्या सभागृहाचं बोलावणं आलं. अख्खं शहर हरखलं. खाटकानं दुकानावर पाटी लावली, की आज दुकान बंद, मालक सिडनीला बासरी वाजवतोय.

इथं आमच्या धंद्यातली गोम सांगायला हवी. आमच्याकडे वाजवणं सोपं असतं, गप्प बसणं अवघड. मनातल्या मनात आवर्तनं मोजत ताटकळत उभं राहायचं आणि नेमक्या क्षणी हात हलवायचा. मोजताना भलेभले घसरतात, म्हणून जो तो चोरून दुसऱ्याकडे बघत असतो. ल्यूबोचा आधार गॉर्डन. गडगडाटाच्या पाठोपाठ ट्रॉम्बोन वाजायचे. गॉर्डननं ट्रॉम्बोन ओठांना लावला की ल्यूबोनं मला हलवायचं, अशी कुणी न सांगता पडलेली सवय होती.

सिडनीत आम्ही तीच वादळाची सिंफनी वाजवत होतो आणि वादळाआधीची शांतता आली. नुसती एक बासरी, आमच्या खाटकाची, काय सुंदर वाजत होती. सभागृहात कुणी खोकत नव्हतं. फुंकून फुंकून ट्रॉम्बोनच्या नळीत पाणी साठतं, ते मधूनमधून फुंकून काढावं लागतं. गॉर्डनला ते तेव्हाच काढावंसं वाटलं. त्यानं ट्रॉम्बोन ओठांना लावला.

आणि ल्यूबोनं मला हलवलं.

मी जीव तोडून गडगडलो. मला काय माहीत? बासरी अर्ध्यात तुटली. पहिल्या रांगेतल्या एका बाईंची पर्स खाली पडली. पुढचं सगळं आम्ही नीट वाजवलं, टाळ्याही मिळाल्या, पण एकही बूट घासला गेला नाही. दुसऱ्या दिवशी सिडनीच्या एका वर्तमानपत्रानं छापलं, की पोलादनगरीचं वादळ उत्साहाच्या भरात वेळेआधीच येऊन गेलं.

परतीच्या बसमध्ये मी सामानाच्या ढिगावर होतो.

"उचललास कशाला?" ल्यूबो म्हणाला.

"पाणी काढत होतो. नळी भरली की काढावं लागतं."

"भर कार्यक्रमात?"

"मग काय घरी जाऊन काढू? आणि तू माझ्याकडे बघत होतास कशाला? मी काय घड्याळ आहे?"

"घड्याळ समजलो, तिथंच चुकलं."

पुढच्या सीटवरून प्राउज बाई वळल्या. "दोघंही गप्प बसा. चुकला तो ऑर्केस्ट्रा चुकला. उद्या तालीम आहे, वेळेवर या."

मागून कुणीतरी म्हणालं, "ल्यूबो जरा आधीच येईल."

बस हसली. ल्यूबोही हसला. पण मी त्याच्या हातातला आहे, मला हात कळतो. पोर्ट वॉरेलला पोचल्यावर मला घोडीवर टांगताना त्याची बोटं थंडगार होती. त्यानंतर त्यानं मला हात लावला नाही. तो झांजा वाजवायचा, किणकिणणारा ट्रँगल वाजवायचा, माझ्याकडे मात्र नव्या मुलामुलींना पाठवायचा.

शहराला तर चघळायला विषय मिळाला. कुणी जेवायला लवकर टपकलं की यजमान म्हणायचे, "आलास का ल्यूबोसारखा?" कारखान्याचा भोंगा चुकून आधी वाजला तर, "ल्यूबोचा हात लागला वाटतं." यात दुष्टावा नव्हता, ल्यूबोलाही बिअर पाजूनच चिडवायचे. पण गंमत रोज रोज ऐकली की टोचायला लागते.

ऑर्केस्ट्रा मात्र वाढतच गेला. आम्ही रेतीच्या वादळात खाणगावांतून वाजवलं, धक्क्यावर उभ्या जहाजासमोर वाजवलं. शाळेच्या मुलांसमोर तर माझाच मान, पोरं मला हलवायला रांग लावायची. कारखान्याची एकेक भट्टी बंद पडत गेली, माणसं घरी बसली, तरी तालमीला कुणी खाडा केला नाही. त्या दिवसांत लोक म्हणायचे, शहरात आता धूर निघत नाही, सूर तरी निघू द्या.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी ऑर्केस्ट्रा चालवायला अनाहेरा टिपेने आली, न्यूझीलंडची माओरी मुलगी, ठेंगणी आणि खणखणीत. ती आल्यावर सिडनीचं बोलावणं पुन्हा आलं. तेच सभागृह. अनाहेरा म्हणाली, "आपण तीच सिंफनी वाजवायची." तालमीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"आणि गडगडाट ल्यूबो करणार," ती म्हणाली.

"नको," ल्यूबो म्हणाला. त्याचे केस एव्हाना पांढरे झाले होते. "मला ट्रँगल द्या. ट्रँगलनं कुणाची अब्रू जात नाही."

"ल्यूबो, मी इथं आले त्या दिवशी बसस्टॉपवर लवकर पोचले, तर एक आजी म्हणाल्या, ल्यूबोसारखी आलीस. हे तुम्हाला असंच ठेवून मरायचंय का?"

कुणी हसलं नाही. मी टांगल्या जागी नुसता शहारलो. हो म्हण, हो म्हण, असं माझं चाललं होतं. त्याच्या हातांशिवाय मला मजाच नव्हती.

गॉर्डन उठला. त्याचं टपाल कधीच सुटलं होतं, ट्रॉम्बोन सुटला नव्हता. "ल्यूबो, मी नळी उचलणार नाही. पाणी तुंबू दे, मी बुडालो तरी चालेल."

"शपथ घे."

"आईची शपथ."

"तुझी आई तुझ्या शपथांना कंटाळून गेली," ल्यूबो म्हणाला, आणि येऊन माझी कड धरली. बोटं ऊबदार होती.

काय ती संध्याकाळ! सभागृह गच्च भरलेलं. पहिल्या रांगेत प्राउज बाई, मांडीवर काठी आडवी ठेवून. आम्ही असे वाजत होतो की माझ्या अंगाला आपोआप कंप सुटत होता. मग वादळाआधीची शांतता आली. एकटी बासरी. ती आता खाटकाची मुलगी वाजवत होती.

गॉर्डन दगडासारखा बसला होता. त्याआधीच्या भागात त्यानं पाणी काढलं नव्हतं, आणि ट्रॉम्बोन हुक्क्यासारखा गुरगुरला होता. शेजारच्यानं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं होतं. आता त्यानं ट्रॉम्बोन दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरला होता, नाकावर घाम आला होता, तोही पुसत नव्हता.

आणि ल्यूबो? ल्यूबोचे डोळे मिटलेले होते. त्याचा अंगठा माझ्या त्या वाकड्या कडेवर हळूच टेकत होता, एकेका आवर्तनाला एकदा. तो मोजत होता, आणि त्याच्याबरोबर मीही. बासरीचा शेवटचा सूर विरला.

आता!

मी गडगडलो. आयुष्यात तसा कधी गडगडलो नव्हतो. माझ्या पाठोपाठ ट्रॉम्बोन कोसळले, नगारे कोसळले, सगळं वादळ नेमक्या जागी येऊन पडलं.

शेवटी टाळ्यांनी छत उचललं. पण मला ऐकायचं होतं ते दुसरंच. आधी एकच बूट घासला, गॉर्डनचा. मग सगळ्या मंचावरून तो तांदूळ घोळवल्याचा आवाज उठला आणि माझ्यापर्यंत आला. ल्यूबोनं माझ्या पाठीत तोंड लपवलं. खाली पहिल्या रांगेत सगळे टाळ्या वाजवत उभे होते, एकट्या प्राउज बाई बसून होत्या. काठीवर दोन्ही हात ठेवून त्या आपले म्हातारे बूट जमिनीवर घासत होत्या.

गॉर्डननं ट्रॉम्बोन पालथा केला तर मंचावर थारोळं झालं. "बघितलंस ना?" तो ल्यूबोला म्हणाला. "हललोसुद्धा नाही."

"मी बघितलंच नाही," ल्यूबो म्हणाला. "डोळे मिटलेले होते."

"मेल्या, मग मी एवढा वेळ कशाला तुंबून बसलो?"

आता शहराचं स्वतःचं सभागृह झालंय, कारखान्याच्या जुन्या जागेवरच. म्हणजे मी फिरून माझ्या माहेरी आलोय. मला पितळी हूक मिळालेत, कोपऱ्यात थोडा गंज चढलाय. ऐंशी ओलांडलेला ल्यूबो अधूनमधून तालमीला येतो आणि जाता जाता मला टिचकी मारतो. आणि पोर्ट वॉरेलमध्ये आजही कुणी अगदी ठरल्या वेळेला दारात उभं राहिलं, की लोक कौतुकानं म्हणतात, "आलास बघ ल्यूबोसारखा."

कधी आमच्या कार्यक्रमाला आलात तर एकच मागणं आहे. टाळ्या जरूर वाजवा, पण क्षणभर थांबून. आमच्या बुटांचा आवाज तेवढा ऐका. आणि तुम्हालाही आतून वाटलं, तर खुर्चीखाली हळूच पाय घासा. मी मागं टांगलेला असेन. मला बरोबर ऐकू येईल.