मास्तरीणबाईंचा ब्रेकचा पाय

डॉक्टरसाहेब, पट्टा तुम्ही मास्तरीणबाईंच्या मांडीला बांधलात, तोंडाला नाही; मग आधी एका शब्दानं विचारायला तुमचं काय जात होतं?

मास्तरीणबाई गाडी शिकवतात. शिकाऊ माणूस भिंतीवर निघाला की आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबायचा, त्यावरच त्यांचं पोट. डावा गुडघा बदलला तेव्हा रक्त थांबावं म्हणून साहेबांनी मांडीला हवेचा पट्टा आवळला. गुडघा झकास बसला, पण मांडी काळीनिळी पडली. पाय गादीवरून उचलायचा म्हटलं की बाईंना ब्रह्मांड आठवायचं, तेही कित्येक दिवस. साहेब म्हणाले, "चालायचंच." अहो, चालता येत नव्हतं, हीच तर रड होती.

आता पाळी उजव्याची. ब्रेकच्या पायाची.

"पट्ट्याशिवाय होत नाही का हो?" बाईंनी साहेबांना तपासणीतच धरलं.

"होतं की," साहेब बोलून गेले. "रक्त जरा जास्त जातं, त्यावर औषध देतो. आम्हाला पुसत पुसत काम करावं लागतं, एवढंच."

"मग पुसा."

सोबत आलेली नणंद खुदकन हसली. "वहिनी, आता साहेबांनाही शिकवायला काढलंत?"

ऑपरेशन बिनपट्ट्याचं झालं. संध्याकाळी कमरेखालचा बधिरपणा उतरला. गुडघा ठणकत होता, खोटं कशाला बोला? पण मांडी गप्प होती. बाईंनी दात आवळले. टाच गादीवरून सुटली. बोटभर, मग वीतभर!

"वहिनी, उठला की हो!"

"उठून काय करू? दाबता आला पाहिजे. तळहात धर इकडं."

नणंदेनं पावलापुढं हात धरला. बाईंनी भिंत आल्यासारखा पाय रेटला. हात मागं सरकला.

"अहो, मनगट मोडाल माझं!" नणंदेचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

तेवढ्यात साहेब आले, पाय बघून खूश झाले. "छान. पण सगळ्यांचं असंच होतं असं नाही हं."

"कबूल." बाईंनी शेजारच्या खाटेकडं मान वळवली. तिथली बाई मघापासून डोळे विस्फारून बघत होती. "उद्या या ताईंचा गुडघा. यांना दोन्ही रस्ते सांगितलेत?"

"आमची एक ठरलेली पद्धत असते..."

"पद्धत तुमची, मांडी यांची. सांगितलंत की नाही, साहेब?"