शिंगाला घंटा

नऊ वर्षांत वेंदुलाच्या गळ्यात एकदाही घंटा पडली नव्हती, आणि याचा तिला इतका तोरा होता की विचारू नका. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी ब्रनोतल्या एका जुन्या पबमध्ये ‘लीपा’ची मंडळी जमायची. लीपा म्हणजे या लोकांनी हौसेनं चालवलेलं लिनक्स, विंडोजच्या जागी संगणक चालवणारी फुकट प्रणाली. कुणीकुणी लिहून सगळ्यांसाठी खुले ठेवलेले प्रोग्राम आणायचे, लीपावर नीट चालतील असे करायचे, त्यांचं पॅकेज बांधायचं आणि लोकांना फुकट द्यायचं. दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघे आणि तिला एखाद्या अळंबीचं नाव मिळे. पबच्या भिंतीवर खिळ्याला गाईच्या गळ्यातली घंटा टांगलेली असे. ज्याच्या पॅकेजला शिंग फुटेल त्यानं ती बांधून अख्खी संध्याकाळ काढायची. ग्लास उचलला की घंटा वाजणार आणि सगळे हसणार.

आता हे शिंगाचं प्रकरण काय ते ऐका. पॅकेज नवं की जुनं हे संगणक फक्त आकड्यावरून ओळखतो. आकडा वाढला तर नवं, उतरला तर जुनं, याच्यापलीकडे त्याला अक्कल नाही. चुकून एकदा भलामोठा आकडा टाकलात की पुढची खरी प्रत त्याला जुनीच वाटणार, बसा बोंबलत. मग उपाय एकच, आकड्याच्या आधी ‘एक’ लिहून कोलन द्यायचा. तो पाहिला की संगणक मागचं सगळं विसरतो. पण हे शिंग जन्माचं असतं. पुन्हा चुकलात तर एकाचे दोन होतात, कमी कधीच होत नाहीत.

आणि नऊ वर्षांनी वेंदुलानं माती खाल्लीच. क्रोपाचेक मास्तरांचा प्रोग्राम ती सांभाळायची. मास्तर पियानोचे सूर लावणारे, वय शहात्तर, जन्मापासून अंध. अंधांसाठी ठिपक्यांची अक्षरं छापणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता. कागदावर खसखस सांडल्यासारखे ठिपके उठतात म्हणून त्याचं नाव ‘माक’, खसखसच. मागे एकदा मास्तरांनी तिला अर्धवट झालेली प्रत दिली होती, तिला आकडाच नव्हता. अशा वेळी आधीचा आकडा, म्हणजे १.८, लिहून त्याला तारीख जोडायची, हे वेंदुला नव्या मुलांना घसा कोरडा करून शिकवायची. त्या दिवशी हिनंच नुसती तारीख लिहिली, २०२३०६१४. झाली का आवृत्ती दोन कोटी दोन लाख तीस हजार सहाशे चौदावी! ‘बेदला’ नावाच्या आवृत्तीतून ती घरोघर गेलीसुद्धा.

आता मास्तरांची खरी २.० तयार झाली होती. शुक्रवारी दुपारी बारा वाजता ‘होलुबिन्का’ या नव्या आवृत्तीला कुलूप लागून ती लगेच लोकांना मिळणार होती, मग आत नवं काही जाणार नव्हतं. अंधांच्या वाचनालयात नवं छपाईयंत्र आलं होतं, ते २.० शिवाय हलत नव्हतं. वाचनालय आवृत्तीबरोबर येईल तेवढंच घेई. पण दोन कोटींपुढे दोनाला कोण विचारतो? म्हणजे शिंग तरी लावा, नाहीतर दोन वर्षं थांबा. शहात्तरीच्या माणसाला दोन वर्षं थांबा म्हणायला वेंदुलाची जीभ रेटेना.

बरं, शिंग लावावं तर वाटेत ओटाकर. होलुबिन्काचा कारभारी हाच, आणि पॅकेज उघडून तपासून आत घेणाराही हाच. घंटा दुसऱ्यांच्या गळ्यात बांधण्यात त्याला कोण आनंद! त्यानं साफ सांगितलं, माझ्या होलुबिन्कात नवीन शिंग चालणार नाही. मास्तरांनाच सांग, दोन कोटींच्या वरचा आकडा द्या म्हणावं.

बुधवारी वेंदुला मधाचा केक घेऊन तिश्नोवला मास्तरांकडे गेली. आधी केकचं कौतुक झालं, मग हवेचं, मग हिनं हळूच विषय काढला. हल्ली आवृत्तीला तारखेचा आकडा देण्याची पद्धत आहे, दिसायलाही भारदस्त दिसतं, वगैरे वगैरे. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि केकचा दुसरा तुकडा घेतला.

“वेंदुलका, मला मुली दोन. दोन कोटी आहेत म्हणून सांगत फिरू का गावभर?”

“मास्तर, तुमच्यासाठीच चाललंय हे.”

“माझ्यासाठी की तुझ्या मानेसाठी?”

खरं होतं ते. घंटेला ती घाबरत होती, आणि हे या न बघणाऱ्या माणसाला तिच्याआधी दिसलं होतं. तिची मान खाली गेली.

“बांधून घे की,” मास्तर म्हणाले. “ओटाकरनं नाही बांधली, पण त्यानं बांधायला हवी होती. तीनदा.”

मग त्यांनी सांगितलं. ओटाकरनं लिहिलेलं आणि त्यानंच पॅकेज केलेलं घड्याळ मास्तरांच्या संगणकावर होतं. फाईलच्या नावात शिंग दिसतच नाही, ते आत असतं. आत असलेल्या आकड्यावरून डोळस माणसाची नजर घसरून जाते. मास्तरांचं यंत्र मात्र सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं, काही गाळायचं नाही. घड्याळाची नवी प्रत आली की ते म्हणायचं, “तीन, कोलन, सहा पूर्णांक एक.” मास्तर ते चार वर्षं ऐकत होते.

“आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“मला कुणी विचारलं नाही,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी बशी पुढे केली.

शुक्रवारी सकाळी वेंदुलानं माकला शिंग लावून पाठवलं. साडेअकराला ओटाकरचा नकार आला, वर शिस्तीवर चार ओळी. तिनं उलट एकच ओळ लिहिली: शिंगवाली बाहेर काढायची तर घड्याळापासून सुरुवात करू या का? अकरा बावन्नला माक आत गेलं.

संध्याकाळी वेंदुला पबमध्ये गेली ती मान पुढे करूनच. ओटाकरनं घंटा बांधली, आणि निलाजरेपणा बघा, बांधता बांधता निष्काळजीपणावर भाषणही ठोकलं. आता ही बोलत नाही म्हणजे विषय संपला, असं त्याला वाटलं असावं. वेंदुलानं ग्लास उचलला, घंटा वाजली, टेबलभर हशा पिकला. तिला वाटलं होतं तेवढं काही ते वाईट नव्हतं.

तेवढ्यात मुलीचा हात धरून क्रोपाचेक मास्तर आले. ते पबमध्ये कधी यायचे नाहीत, म्हणून सगळे उठून उभे राहिले. मास्तर ओटाकरच्या शेजारी बसले आणि कोटातून ठिपक्यांचा एक जाड कागद काढला. दुपारी वाचनालयात जाऊन त्यांनी नवं माक चालवून घेतलं होतं, आणि नव्या यंत्रातून निघालेलं हे पहिलं पान होतं.

“काय छापलंत, मास्तर?” ओटाकरनं कौतुकानं विचारलं.

“यादी आहे,” मास्तर म्हणाले. “होलुबिन्कात कुणाच्या पॅकेजला किती शिंगं आहेत त्याची. वाचू मोठ्यानं?”

त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ओटाकरचे कान आधी लाल झाले, मग मान. तो उठला, वेंदुलाच्या गळ्यातली घंटा सोडली आणि स्वतःच्या गळ्यात बांधली.

“घड्याळ,” तो म्हणाला. “तीन.”

मग जो गोंधळ झाला तो काय सांगावा! लोकांनी त्याला तीन ग्लास ओळीनं उचलायला लावले, आणि तिसऱ्याला तो स्वतःच हसू लागला. त्या गडबडीत वेंदुलानं तो कागद ओढून घेतला. नऊ वर्षं माक तपासताना ठिपके तिच्याही बोटांना ओळखीचे झाले होते. तिनं पहिली ओळ चाचपली, मग दुसरी, मग मास्तरांकडे पाहिलं.

“मास्तर, ही तर आलुबुखारच्या उंड्यांची कृती आहे.”

“आईची,” मास्तर म्हणाले. “दोन वर्षं कोण थांबणार होतं?”