मामाच्या गुडघ्याचा पट्टा

‘लोखंड, चुंबक, किल्ल्या बाहेर ठेवा’ ही प्रयोगशाळेच्या दारावरची पाटी मामांनी स्वतः रंगवली होती. बेल्टचं बकल लोखंडी निघालं म्हणून एका प्राध्यापकाला त्यांनी पँट हातात धरून आत सोडलं होतं. यंत्रात अतिथंड द्रव हेलियम भरायचं काम त्यांचं. त्या थंडीत आपली शिंक गोठली आणि टाकीच्या तळाशी टण्णकन आपटली, असं ते छातीवर हात ठेवून सांगत.

आज मात्र भाचीची परीक्षा होती. तिच्या चिपवर दोन अतिवाहक तारांच्या मध्ये कोबाल्टचा थर होता, केसाच्या दहा हजाराव्या भागाइतका. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं जातात, एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली. वाटेत अडथळा म्हणून नाही. चुंबकीय कोबाल्ट मात्र सगळ्यांना एकाच दिशेला तोंड करायला लावतो आणि जोड्या फोडतो. कोबाल्टच्या अलीकडे निकेलचाही एक थर होता; त्याचं चुंबकत्व तिरकं वळलं, तर जोडीतले दोघं आधीच एका दिशेला होतील आणि सुखरूप पार जातील, असा तिचा दावा. आज दिसलं नाही, तर उद्या यंत्र दुसऱ्या गटाकडे.

मामा जवळ आले. पडद्यावरची अडथळा दाखवणारी रेघ शून्यावर आडवी झाली, म्हणजे जोड्या पार जात होत्या. मामा मागे सरले, रेघ वर चढली.

“मामा, तू आलास की प्रवाह वाहतो! प्रबंधात तुझं नाव घालते बघ!”

मामांचे कान तापले. डाव्या गुडघ्यावर, पँटच्या आत, मामींनी सकाळीच बांधलेला पट्टा होता, आठ चुंबक शिवलेला. गुडघा दुखतो हे त्यांनी लपवलं होतं. हेलियम भरायची शिडी चढता येत नाही हे कळलं, तर खुर्चीत बसवतील. गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण पोरगी उद्या जगाला काय सांगणार, शेजारी मामा उभा करा?

त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली.

“लबाडा!” भाची ओरडली, आणि मग पडद्याकडे वळली. “म्हणजे निकेल आपणहून वळतच नव्हतं. याला बाहेरून ढोसायला हवं होतं!”

तिनं पट्टा चिप असलेल्या टाकीला बांधला आणि बोटबोटभर फिरवत गेली. प्रवाह सुरू, बंद, पुन्हा सुरू. मार्गदर्शकांनी येऊन तीनदा बघितलं आणि यंत्र महिनाभर तिच्याकडे ठेवलं.

तिनं मामींना फोन लावला. “आणखी एक पट्टा पाठव.”

“अगं बाई, दुसराही गुडघा गेला?”

“नाही गं, पहिला पट्टा निकेलला लागला. आणि उद्यापासून शिडी मी चढणार, मामानं नुसतं खालून ओरडायचं. हे त्याला तूच सांग.”

मामा तोवर ब्रश घेऊन दाराशी गेले होते. पाटीखाली बारीक अक्षरांत त्यांनी लिहिलं: ‘मामींचा पट्टा चालेल.’