खसबमार्गे

मुश्ताकने पुढचं दार उघडून धरलं आणि सुनेत्रा आत बसलीसुद्धा. प्रकाशचा हात त्याच दाराकडे निघाला होता. तो त्याने अर्ध्यावरून वळवला, चष्मा नीट केला आणि मागच्या दाराशी झटापट करू लागला.

"सरकवा साहेब, ओढू नका," मुश्ताक म्हणाला. "मागं तुम्हीच राजे. पाय पसरून बसा."

शारजातल्या रोल्लातली दुकानं अजून उघडली नव्हती. सुनेत्राने न बघताच समोरचा कप्पा उघडला, आतून एक चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. तपकिरी काड्यांचा. चार वर्षांपूर्वी प्रकाशने तो घरभर शोधला होता, अगदी फ्रिजच्या मागेसुद्धा.

"इथे होता होय?"

"हो ना. सापडला तोवर नवा करून झाला होता. म्हटलं, राहू दे, गाडीत लागतो."

एकवीस वर्षं सुनेत्रा दुबईतल्या एका शाळेत गणित शिकवायला मुश्ताकच्या कार लिफ्टने, म्हणजे महिन्याच्या पैशांवर रोज ने-आण करणाऱ्या गाडीने, जात होती. पहाटे पावणेसहाला गाडी इमारतीखाली यायची. तिच्यासकट सहा शिक्षिका, प्रत्येकीची जागा ठरलेली, सुनेत्राची पुढची. मुश्ताक दाभोळचा, तिचं माहेर खाडीच्या अलीकडे, गुहागरला. प्रकाश पुण्याचा. डिसेंबरात ती निवृत्त झाली. प्रकाशचं शिपिंग कंपनीतलं कागदपत्रांचं काम त्याच्या वर्षभर आधीच संपलं होतं. मार्चमध्ये दोघं कायमचे पुण्याला परतणार होते. त्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती, गाडीने ओमानच्या दक्षिण टोकाला, सलालाला जाणं. "मुश्ताक नेईल," हे तिने त्याच दमात सांगून टाकलं होतं.

प्रकाशने तेव्हाच मनात गुणाकार केला होता. रोजचे तीन तास, वर्षाचे दोनशे दिवस, एकवीस वर्षं. उत्तर आलं बारा हजार सहाशे तास. नेहमीप्रमाणे आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून त्याने कागदावर करून पाहिलं. तेवढंच आलं. घरी ती त्याच्याशी दिवसाकाठी किती बोलत असेल, हा दुसरा गुणाकार त्याने केला नाही.

"मुश्ताक, एसी कमी कर रे जरा," सुनेत्रा म्हणाली. मग मागे वळून, "अहो, तुम्हाला गार होतंय का?"

"नाही," प्रकाश म्हणाला. त्याला गार होत होतं.

त्याच्या मांडीवर नकाशा होता, स्टेशनरीच्या दुकानातून छापून आणलेला. सलालाचा सरळ रस्ता अल ऐनवरून जात होता. सुनेत्राने ठरवलेला रस्ता आधी उत्तरेला रास अल खैमाला जायचा, मग हद्द ओलांडून मुसंदममधल्या खसबला, तिथून गाडीसकट फेरीबोटीत चढून डोंगराच्या टोकाला वळसा घालून शिनासला, आणि त्यानंतर कुठे दक्षिणेकडे तोंड. हजारावर किलोमीटर त्यापुढे.

"दक्षिणेला जायचं तर आधी उत्तरेला कशाला?" हे त्याचं घरी तीनदा विचारून झालं होतं.

"मला तिथून पाण्यातूनच जायचंय," एवढंच ती म्हणायची.

"बोटीत काय, खोर फक्कानलाही बसवतात. तासाभरात परत आणतात."

यावर ती हसली होती. तो विनोद करत नव्हता.

रास अल खैमाच्या अलीकडे मुश्ताकने एका कॅफेटेरियासमोर गाडी उभी करून हॉर्न दिला. पांढरी टोपी घातलेला मल्याळी माणूस काचेशी आला.

"दोन करक. एक सुलेमानी, लिंबू जास्त, साखर नको."

सुलेमानीचा कागदी पेला सुनेत्राच्या हातात गेला. तिने तो दोन्ही तळव्यांत धरला आणि वाफेत नाक घातलं. छत्तीस वर्षांच्या संसारात प्रकाशने तिला असं करताना पाहिलं नव्हतं.

"तू कधीपासून बिनदुधाचा पितेस?"

"झाली की दहाबारा वर्षं."

"घरी तर माझ्याबरोबर दुधाचा घेतेस."

"घरी एकाच भांड्यात होतो ना," ती म्हणाली. "दोन भांडी कुठे घासत बसायची?"

मुश्ताक आरशातून त्याच्याकडे बघून हसला. "मॅडमना दुधाने पित्त होतं, साहेब. मीच सांगितलं, सोडा. माझ्या सायराने पण सोडला."

प्रकाशने आपला दुधाचा करक पिऊन टाकला. जीभ भाजली, पण ते त्याने कुणाला कळू दिलं नाही.

पुढे डाव्या हाताला समुद्र लागला. उजवीकडचे डोंगर जवळ जवळ सरकत होते, उघडे, राखेच्या रंगाचे. सुनेत्रा काचेला टेकून बघत होती. एकदम तिने बोटाने दाखवलं.

"इथे का रे?"

"नाही मॅडम, अजून पुढं. डोंगर सरळ पाण्यात उतरतात तिथं. सांगितलेलं ना तुम्हाला."

"तू सांगितलंस तेव्हा मला असंच दिसलं होतं. असंच."

प्रकाशने नकाशाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्या 'इथे'ला काहीतरी नाव होतं, आणि ते या गाडीत त्याच्याखेरीज दोघांनाही माहीत होतं. विचारावंसं वाटून त्याने दोनदा घसा साफ केला. दुसऱ्यांदा सुनेत्राने मागे न बघता विक्सच्या गोळ्यांची पुडी पुढे केली. तीही त्याच कप्प्यातली.

हद्दीवर बायकांची रांग वेगळी होती आणि लांब होती. प्रकाशच्या पासपोर्टवर शिक्का लवकर पडला. तो बाहेर आला तेव्हा मुश्ताक फडक्याने समोरची काच पुसत होता. प्रकाश बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. वाक्य त्याने रांगेतच तयार केलं होतं.

"तुम्ही दोघं आधी येऊन गेलाय का इकडे?"

मुश्ताकचा हात थांबला. "मी आलोय. मॅडम कुठल्या येतायत? शाळा, घर, शाळा. पण आमचं ठरलेलं होतं साहेब, रिटायर झाल्यावर एकदा जायचं. हरबाच्या वाटेनं."

"कोण हरबा?"

"काय साहेब, थट्टा करता गरिबाची." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून मुश्ताकने फडकं खाली ठेवलं. "हरबा तांडेल. तुमचाच ना तो?"

प्रकाशला आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा आधी हॉलमधली गादी आठवली आणि तिच्यावर पालथी पडलेली त्यांची सहा वर्षांची मुलगी, शुभ्रा. झोपताना रोज एक तुकडा, दोन-अडीच वर्षं चाललेली गोष्ट. हरबा तांडेल, त्याचं गलबत, अकरा खलाशी, पोटात मंगलोरी कौलं. खालच्या वॉचमनने मांजराचं पिल्लू हाकलून दिलं तेव्हा शुभ्रा जेवेना, म्हणून एका कानाचं मांजरही त्याने गलबतावर चढवलं होतं. समुद्र त्याने पुस्तकांतून घेतला होता आणि बंदरांची नावं ऑफिसच्या कागदांवरून. नऊ वर्षांची झाल्यावर एके दिवशी शुभ्रा म्हणाली, "बाबा, आय अ‍ॅम नॉट अ बेबी." त्या वेळी गलबत मुसंदमच्या सामुद्रधुनीत होतं, वारा पडला होता आणि पिपातलं पाणी संपत आलं होतं. त्याने दिवा मालवला आणि विषय तिथेच राहिला. शुभ्रा आता टोरांटोला असते. तिला काही आठवत असेल असं त्याला वाटत नव्हतं. सुनेत्रा तेव्हा स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी करत असायची, मिक्सर लावून.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मॅडमनी. तुम्ही रात्री सांगायचात, त्या सकाळी गाडीत सांगायच्या. ट्रॅफिकमध्ये दुसरं काय करणार? मागच्या मॅडमलोक झोपायच्या, मी आणि त्या जागे." मुश्ताकने मान वाकडी केली. "एक बोलू? राग नका मानू. तुमच्या हरबाने एकदा समोरून वारा असताना पूर्ण शीड सोडलं होतं. माझे आजोबा खलाशी होते. मी म्हटलं, मॅडम, गलबत उलटेल. तेवढं मग आम्ही दुरुस्त केलं."

प्रकाशचे कान तापले. वीस वर्षांपूर्वीची चूक, आणि ती सगळ्या वाटेभर दुबईला जाऊन आलेली.

"पण मी तर मध्येच थांबवली होती," तो म्हणाला. "इथेच. ते सुटले का?"

"सुटले?" मुश्ताक हसला. "साहेब, हरबाचं लग्न झालं मिरबातला. सलालाच्या पुढं बंदर आहे ते, आजोबा लोबान भरायला जायचे. मुलगी आहे हरबाला. पण ते मॅडमना विचारा. मी फक्त वारा सांगायचो."

सुनेत्रा पासपोर्ट पर्समध्ये घालत येताना दिसली. मुश्ताकने धावत जाऊन पुढचं दार उघडलं.

खसबच्या धक्क्यावर गाडीत फक्त चालकाने बसून आत जायचं होतं, बाकीच्यांनी चालत. त्यामुळे फेरीबोटीच्या कठड्याशी ती दोघं एकटीच उभी होती. मुश्ताक खाली चहा शोधायला गेला होता. डोंगर खरंच सरळ पाण्यात उतरत होते. किनारा नावाचं काही नव्हतंच, उभा कातळ आणि लगेच खोल हिरवं पाणी. प्रकाशने हे कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या गोष्टीत इथे वाळू होती आणि ताडाची दोन झाडं.

"इथेच ना?" सुनेत्राने विचारलं. मुश्ताक त्याला काय म्हणाला, हे तिला कळलेलं दिसत होतं.

"मला काय माहीत? मी नकाशात बघून सांगायचो."

"इथेच सोडलंत तुम्ही त्यांना. पाणी संपत आलेलं."

"शुभ्रा मोठी झाली."

"हो. पण ते अकरा जण?"

वाऱ्याने तिची ओढणी सारखी तोंडावर येत होती. ती तिने कानामागे खोचली.

"मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसले," ती म्हणाली, "आणि मुश्ताक म्हणाला, मग पुढं? काय सांगणार? म्हटलं, रात्री दव पडलं, ते शिडात झेललं. एका दिवसापुरतं. वाटलं, तुम्ही पुन्हा सुरू कराल. नाही केलंत. मग रोजच काहीतरी लागायला लागलं."

दव. शिडात झेललेलं. प्रकाशने कठडा घट्ट धरला. तेव्हा तो आठवडाभर पाण्याचा विचार करत होता. पाऊस पाडावा, की दुसरं जहाज आणावं? दोन्ही खोटं वाटलं होतं, म्हणून तर दिवा मालवून टाकला होता. दव त्याला सुचलं नव्हतं. हॉर्न वाजत असताना, एका क्षणात, गणिताच्या बाईंना सुचलं होतं.

"मला सांगायचंस," तो म्हणाला. आवाज वाटला त्यापेक्षा जाड निघाला.

"तुम्ही म्हणाला असतात, असू दे, माझं कसलं आलंय त्यात. मग मलाही पुढचं सुचलं नसतं."

हे खरं होतं. मुश्ताक तीन पेले सांभाळत वर आला. एक सुलेमानी, दोन दुधाचे. प्रकाशने हात पुढे करून सुलेमानी उचलला. लिंबू फार होतं. त्याने तो निम्मा प्यायला आणि उरलेला सुनेत्राच्या हातात दिला.

शिनासला उतरल्यावर मुश्ताकने सवयीने पुढचं दार उघडलं. सुनेत्रा गाडीपाशी थांबली आणि स्वतःच मागचं दार सरकवून आत बसली.

"तुम्ही बसा पुढे," ती म्हणाली. "मला पाय पसरायचेत."

प्रकाश बसला. सीट तिच्या मापाची होती. त्याचे गुडघे कप्प्याला टेकले, उन्हाआडची वरची पट्टी तिच्या उंचीवर उतरवलेली होती, आणि पाठीला ज्या जागी खोलगट लागलं ती जागा त्याच्या पाठीची नव्हती. सीट मागे सरकवायची तरफ कुठे आहे हे त्याने शोधलं नाही. गाडी हमरस्त्याला लागली. दक्षिणेकडे जाणारा रस्ता सपाट होता, सरळ.

"सांग ना आता," तो समोर बघत म्हणाला. "दवापासून."

मागे सुनेत्रा बोलायला लागली. वर्गातला आवाज त्याला माहीत होता, घरातला माहीत होता. हा तिसराच होता, सैल, मध्ये मध्ये हसू धरून ठेवणारा. मुश्ताक एका हाताने सुकाणू धरल्यासारखा स्टिअरिंगवर झुकून ऐकत होता आणि मध्येच म्हणत होता, "नाही मॅडम, त्या दिवशी वारा उत्तरेचा होता," आणि ती म्हणत होती, "बरं, उत्तरेचा." अकरा खलाशी दव पिऊन सावरले. कौलं समुद्रात टाकून गलबत हलकं केलं. सोहार मागे पडलं तेव्हा गलबत मस्कतच्या पुढे होतं. एके रात्री उंदरांनी पीठ खाल्लं, त्या जागी तर गोष्ट इतकी रंगली की प्रकाशला पुढचं ऐकवेना आणि थांब म्हणवेना.

"उंदीर?" तो म्हणाला. "मग मांजर काय करत होतं?"

सुनेत्रा थांबली. "कुठलं मांजर?"

"एका कानाचं. गलबतावरचं."

"गलबतावर मांजर होतं?" मुश्ताकने रस्त्यावरची नजर काढून त्याच्याकडे बघितलं. मग आरशात. "मॅडम?"

"मला नाही माहीत रे," सुनेत्रा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "त्या रात्री मिक्सर चालू असेल."

बाहेर एक पेट्रोल पंप येऊन गेला.

"पहिल्यापासून होतं?" मुश्ताकने विचारलं. "म्हणजे ते आमच्या बरोबर मिरबातपर्यंत? वीस वर्षं? आणि पाणी नसताना काय केलं त्यानं? साहेब?"

प्रकाशने मांडीवरचा नकाशा उघडला, अंतराच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि तो चष्म्यातून नीट वाचला.

"अजून बरंच लांब आहे सलाला," तो म्हणाला. "आधी तुमचं होऊ दे."

मग त्याने सीटखाली हात घालून तरफ शोधली आणि सीट मागे सरकवली.